हरवलेल्या शिक्क्याचे आठ दिवस

जय जिनेंद्र. नमस्कार.

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे वडीलधारे आदरणीय अभिमन आबा, शाळेचे मुख्याध्यापक योगेंद्र सर, व्यासपीठावर मधोमध बसायला चार वेळा नाही म्हणून शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या आपल्या सत्कारमूर्ती मंजुळाबाई, त्यांच्या घरची सर्व मंडळी, शिक्षक बंधू-भगिनी, ऑफिसातले भाईदास भाऊ, दोंडाईच्यातले आणि आजूबाजूच्या खेड्यांमधून वेळ काढून आलेले पालक, माझ्या महिला मंडळाच्या मैत्रिणी, पुढच्या सतरंजीवर बसून मघापासून एकमेकांना ढुसण्या देणारे बालगोपाळ, आणि आजचं सूत्रसंचालन करणारी दहावीची कुमारी रूपा, तुम्हा सर्वांना माझे हात जोडून वंदन.

मी धनकुंवर. स्टेशन रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे, आणि पालक संघाची खजिनदार म्हणून बरेच जण मला ओळखतात. माझं शिक्षण मॅट्रिक. लिखाण म्हणाल तर घरखर्चाची वही, त्यापलीकडे नाही. भाषण हे आयुष्यातलं पहिलंच. ते मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणलं आहे. कोरा कागद चांगला असताना फेकवत नाही. तेव्हा मी पान उलटताना पुढच्या रांगेला मागच्या वर्षीचा जून दिसला तर दचकू नये.

मला सात मिनिटं दिली आहेत. रूपाने मला आधीच बजावलं, "आजी, सहाव्या मिनिटाला मी चिठ्ठी पाठवीन." मी म्हटलं, पाठव. घरी चाळीस वर्षं मला कोणी बोलताना थांबवलं नाही, कारण घरी कोणी ऐकतच नाही. आमचे हे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांनी मान हलवली. बघा, आज ऐकलं.

तर मंजुळाबाई. एकतीस वर्षं या शाळेची घंटा त्यांच्या हाताने वाजली. शाळा उघडली त्यांनी, झाडली त्यांनी, कुलूप लावलं त्यांनी. कितीतरी पोरांचे पडलेले दात त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून घरी पाठवले. हे सगळं सर सांगतीलच. मला सांगायचं आहे ते त्यांच्या बादलीबद्दल.

नव्या पालकांसाठी सांगते. या शाळेत दोन पोरं भांडली की मंजुळाबाई त्यांना रागवत नाहीत. एक बांबूची काठी आणतात, मधोमध भरलेली बादली अडकवतात, आणि काठीचं एक टोक एकाच्या खांद्यावर, दुसरं दुसऱ्याच्या. टाकीपासून कडुलिंबापर्यंत जायचं, झाडाला पाणी घालायचं, परत यायचं. एकाने घाई केली की दुसऱ्याच्या पायावर पाणी. एकाने रुसून पाऊल टाकलं नाही की दोघंही ओले. तिसऱ्या फेरीला दोघांची पावलं बरोबर पडायला लागतात आणि भांडण कशावरून झालं ते आठवत नाही. आता नळ आला, पाण्याचं मशीन आलं, तरी बादली बंद झाली नाही. आपले योगेंद्र सर याच शाळेचे विद्यार्थी. सर, आपल्या वाट्याला किती फेऱ्या आल्या होत्या? सर चार बोटं दाखवताहेत. मंजुळाबाई दोन्ही हात दाखवताहेत. आपण बाईंचं खरं धरू.

मी जेव्हा बाईंना म्हटलं की तुमच्यावर बोलायचं आहे, काय सांगू, तेव्हा त्या म्हणाल्या, "मनं कौतुक नका करा, शेठाणी. ती बादलीनी गोट सांगा." म्हणजे त्या बादलीची गोष्ट. बादली एकदा चुकली होती, ती गोष्ट. त्यात बाई चुकल्या, त्यांच्याहून जास्त मी चुकले. म्हणून परवानगी घेऊनच सांगते. बाईंची घेतली. माझी नात विधी हिची घेतली. आणि जिची गोष्ट आहे तिची सगळ्यात आधी घेतली. तिने हे भाषण वाचून पाहिलं, दोन वाक्यं पेनाने खोडली, आणि म्हणाली, "बाकीचं सांगा." ती कोण, ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात सातवीची सहल एरंडोलजवळ पद्मालयाला गेली होती. सातवीत माझी विधी होती, आणि रूपा होती. हो, हीच रूपा, जी आज माईक हातात घेऊन आपल्या सगळ्यांना शिस्त लावते आहे. रूपाचं खेडं इथून बारा किलोमीटर. सहलीची बस पहाटे निघणार, म्हणून ती घरून किती वाजता निघाली असेल याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही. येताना बसमध्ये तिला गाढ झोप लागली. खिडकीला डोकं टेकलेलं, तोंड उघडं. आता झोपेत तोंड कोणाचं उघडं राहत नाही? आमच्या ह्यांचं तर जागेपणीही राहतं.

विधीने आईचा जुना मोबाईल सहलीला लपवून नेला होता. तिने फोटो काढला. घरी येऊन त्याचं स्टिकर बनवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टिकर म्हणजे मोबाईलवर पाठवायचं छोटं चित्र. फोटोतली फक्त मान आणि तोंड कापून घेतलं, आणि खाली अक्षरं घातली, "बोला, मी ऐकते आहे."

खरं सांगते, मी तो पाहिला आणि पोट धरून हसले. मला माहीत नव्हतं ही कोण मुलगी. मला वाटलं मोबाईलमध्ये येतात तशी कुठलीतरी, दूरची. मी विधीला विचारलंदेखील नाही. फुकट मिळालेली चांगली गोष्ट वाया घालवायची मला सवय नाही. मी ते आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. मंडळाच्या अध्यक्षा झुंबरबाई रोज सकाळी लांबलचक उपदेश पाठवतात, त्याखाली टाकलं. मग माहेरच्या ग्रुपवर टाकलं. मग सुनेच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलं. माझ्या पाठोपाठ गावभर झालं. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गृहपाठाची सूचना आली की खाली कोणीतरी तेच टाकायचं. एकदा तर त्यावर योगेंद्र सरांनीही अंगठा उंचावला होता. सर, हे मी सांगणार आहे असं मी तुम्हाला सांगितलं होतं.

गावाला ते चित्र होतं. सातवी ब मध्ये ती मुलगी होती.

वर्गात काय होत होतं ते नंतर कळलं. रूपा उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या बाकांवरून हळूच आवाज यायचा, "बोला." मग सगळी रांग गालाखाली हात घेऊन, तोंड उघडून, डोळे मिटून बसायची. बाई फळ्याकडून वळल्या की सगळे सरळ. कोणी तिला मारलं नाही. कोणी शिवी दिली नाही. तिने वर्गावरच्या एका बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "दुर्लक्ष कर, आपोआप थांबेल." त्या बाई आज इथे आहेत, आणि मला म्हणाल्या की हेही सांगा. तर थांबलं काही नाही. रूपाने आधी हात वर करणं सोडलं. मग हजेरीला "हजर" म्हणणं सोडलं, नुसती मान हलवायची. मग मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायला लागली. घरी मोबाईल एकच, वडिलांच्या खिशात. त्यामुळे आपल्यावर काय फिरतं आहे हे तिने कधी पाहिलंही नव्हतं. नुसतं ऐकत होती.

टाकीमागे मंजुळाबाईंची जागा. रोज एक पोर आपल्या जवळ बसून डबा खाते हे त्यांच्या ध्यानात आलं. विचारलं तर रूपा एवढंच म्हणाली, "विधी चिडवते." बाईंना वाटलं दोघींचं भांडण. त्यांनी काठी काढली.

विधी पुढे, रूपा मागे. विधीला तिच्या मैत्रिणी बघत होत्या. ती मुद्दाम भरभर चालली. अर्धी बादली रूपाच्या अंगावर. सगळं मैदान हसलं, आणि संध्याकाळपर्यंत भिजलेल्या रूपाचं दुसरं स्टिकर तयार झालं होतं.

बाईंनी नंतर मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. त्यांच्या बोलीत नाही, माझ्या शब्दांत सांगते. बाई म्हणाल्या: भांडणात दोघांच्या खांद्यावर सारखं ओझं असतं, म्हणून काठी चालते. इथे एकीच्या खांद्यावर आख्खा वर्ग बसला होता, आणि मी तिच्याच खांद्यावर काठी ठेवली.

आता माझी पाळी.

त्याच आठवड्यात रूपा तिच्या वडिलांबरोबर, लोटन भाऊंबरोबर, आमच्या दुकानात आली. शनिवार होता, दुकानात आठ-दहा गिऱ्हाईक. मी गल्ल्यावर होते. पोरीला पाहिलं आणि ओळखलं. आणि मला काय झालं, तर आनंद झाला. जणू टीव्हीतलं माणूस दुकानात आलं. मी मोठ्याने म्हटलं, "अगं बाई, तू तर आमच्या मोबाईलमधली. बोला, मी ऐकते आहे." दुकानातली माणसं हसली, कारण निम्म्यांच्या मोबाईलमध्ये ती होती. मी लोटन भाऊंना मोबाईल पुढे करून दाखवला. "बघा भाऊ, तुमची लेक किती फेमस झाली." ते आधी हसले. लेकीचा फोटो आहे म्हणून हसले. मग त्यांनी खालची अक्षरं वाचली. मग लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी मोबाईल अगदी हळू, काचेचं भांडं ठेवावं तसा गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, "अक्का, सामान राहू द्या. नंतर नेतो."

ते सामान न्यायला आले नाहीत. सोमवारी ते शाळेत गेले, रूपाचा दाखला काढायला. म्हणाले, पोर घरीच बरी. तिची आजी एकटी असते, हाताशी येईल.

सातवीत दाखला काढून घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येते का? पालक हो, मी पाहिलेली तरी एकही आली नाही.

भाईदास भाऊंनी दाखला लिहून तयार केला. सरांची सही झाली, कारण पालक मागतात तर अडवता येत नाही. फक्त गोल शिक्का मारायचा राहिला. आणि शिक्का सापडेना. भाईदास भाऊंनी सगळे खण उपसले. कपाट सरकवलं. लोटन भाऊंना सांगितलं, दोन दिवसांनी या. दोन दिवसांनी पुन्हा, दोन दिवसांनी या. आठ दिवस या शाळेचा शिक्का हरवला होता, आणि भाईदास भाऊंनी त्यापायी सरांची बोलणी खाल्ली.

आज मी या व्यासपीठावरून जाहीर करते की तो शिक्का मंजुळाबाईंच्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेला होता.

सर, असं बघू नका. बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, निवृत्तीचे कागद हातात पडले की सांगा. ते सकाळीच पडले. अभिमन आबा हसताहेत, म्हणजे विषय संपला. भाईदास भाऊ, तुम्ही मात्र हसू नका, तुमचा हक्क आहे रागवायचा.

ही पहिली चिठ्ठी आली. "आजी, एक मिनिट राहिलं." ठीक आहे. मिनिट मोठं धरू.

ते दिवस नेमके आमच्या पर्युषणाचे होते. आमच्यात हे दिवस फार पवित्र. मी एकासणं धरलं होतं, दिवसातून एकदाच जेवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुळाबाई आमच्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या, चहा नको म्हणाल्या.

"शेठाणी, तुमना मोबाईल माले दखाडा."

मी दाखवला. त्यांनी चष्मा लावून ते चित्र पाहिलं. हसल्या नाहीत.

"हाई पोर मना जोडे बठीसन डबा खास," त्या म्हणाल्या. ही मुलगी माझ्याजवळ बसून डबा खाते. "आते घर बठी राही."

मी म्हटलं, "अहो, पोरं आहेत. हसतात आणि विसरतात."

"पोरे हसतस," बाई म्हणाल्या, "तुम्ही तर पोर नही."

मला राग आला. मी विधीला हाक मारली. म्हटलं, काय केलंस हे, एका मुलीची शाळा सुटते आहे तुझ्यामुळे. विधीने माझ्याकडे पाहिलं आणि रडता रडता म्हणाली, "दादी, मी पाच जणींना पाठवलं होतं. बाकी सगळं तू पाठवलंस."

मी हिशेब ठेवणारी बाई. तीन ग्रुप मिळून एकशे सतरा माणसं निघाली. पाच आणि एकशे सतरा. त्यात दुकान धरलेलं नाही.

मग काढून टाकायचं ठरलं. पण पंधरवडा झाल्यावर पाठवलेलं माघारी येत नाही, एवढं शहाणपण मला तेव्हा आलं. विधी म्हणाली, "आता एकच उपाय, ज्याच्या त्याच्या मोबाईलमधून काढायचं." म्हणून पर्युषणाचे उरलेले दिवस मी आणि विधी घरोघरी फिरलो. पायी. दूरच्यांना फोन केले. प्रत्येक घरी बसायचं, मोबाईल मागायचा, ही खरी मुलगी आहे हे सांगायचं, आणि काढून टाकायचं. एकासणं धरून एवढं चालले, तप कशाला म्हणतात ते कळलं.

झुंबरबाईंच्या घरचं ऐका. त्या समोरच बसल्या आहेत, आणि त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे रागवल्या तरी उठून येणार नाहीत.

"धनकुंवर, एक तरी ठेव गं," त्या म्हणाल्या. "जावईबापूंना पाठवायला बरं पडतं."

"झुंबरबाई, तुमच्या नातीचा असा फोटो गावभर फिरला तर?"

"माझी नात तोंड मिटून झोपते."

"ही लोटन भाऊंची लेक आहे."

"कोण लोटन? भेंडी घेऊन येतो तो?"

"तोच."

झुंबरबाईंनी पुन्हा एकदा चित्र पाहिलं. म्हणाल्या, "म्हणजे दारात त्याच्याकडून भेंडी घ्यायची आणि घरात त्याच्या लेकीला हसायचं." मग मोबाईल माझ्या हातात दिला. "काढ. दोन्ही काढ. आणि जावईबापूंना मी फोन करते." त्यांनी केला. जावईबापूंनी पुढे बँकेतल्या सगळ्यांना सांगितलं. तो फोन लागला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की जे पसरतं ते उलटही पसरवता येतं. फक्त चालावं फार लागतं.

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरी. त्या दिवशी आम्ही वर्षभरात जाणता-अजाणता ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागतो. "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतो. पूर्वी घरोघरी जाऊन म्हणायचे. आता फुलांचं चित्र असलेलं एक तयार येतं, ते पुढे ढकलायचं. त्या वर्षीही मी सवयीने दोनशे जणांना ढकललं. ज्यांच्याशी वर्षभर बोललेसुद्धा नव्हते त्यांचीही क्षमा मागून झाली. आणि मग लक्षात आलं, जिला दुखावलं तिचा नंबरच माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी आणि विधी रूपाच्या खेड्यात गेलो. मंजुळाबाई फाट्यावर आधीच येऊन उभ्या होत्या. लोटन भाऊंनी ओट्यावर गोधडी टाकली, पाणी दिलं. रागात असलेला माणूसही आपल्याकडे पाणी देतोच. आधी बाई बोलल्या. बारा वर्षांच्या पोरीपुढे हात जोडून म्हणाल्या, "मनी बादली चुकनी, माय. तू खरं सांगी ऱ्हायंती, मी भांडण समजनू." तू खरं सांगत होतीस, मी भांडण समजले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मोठ्या साहेबांपुढेही असे हात जोडलेले कोणी पाहिले नसतील.

मग विधी म्हणाली, "रूपा, मला माफ कर."

 त्यावर रूपा जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, "तू चिडवलंस वर्गात. माफी दारात मागतेस."

मीही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा. माझंही चुकलं." माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "तुमचं मी विचार करून सांगते."

दुसऱ्या दिवशी शिक्का सापडला. कुठे सापडला, तर ज्या खणात भाईदास भाऊंनी सात वेळा पाहिलं होतं त्याच खणात. लोटन भाऊ दाखला न्यायला आले, बरोबर रूपा. पण त्याआधी सातवी ब मध्ये विधी फळ्यापुढे उभी राहिली होती. सर दारात होते, शेजारी रूपा. विधी म्हणाली, "तो फोटो मी काढला. रूपा झोपली होती कारण ती सहलीसाठी तीन वाजता उठून चालत फाट्यावर आली होती. मी घरून गाडीतून आले होते आणि तरी मीही झोपले होते. माझा कोणी काढला नाही." मग सरांनी पाचही जणींच्या पालकांना बोलावलं, सगळं लेखी नोंदवलं, आणि त्या अंगठ्याबद्दल वर्गापुढे स्वतःचं नावही घेतलं. वर्गातल्या तोंडं उघडणाऱ्या पोरांना शिक्षा मात्र केली नाही. त्यांना सांगितलं, महिनाभर रोज सगळ्यांनी रूपा खेड्यावरून यायला उठते त्या वेळेला उठून दाखवायचं आणि तेवढ्याच उत्साहाने वर्गात जागं राहायचं. चार दिवसांत निम्मा वर्ग बाकावर घोरत होता. त्यांचा फोटो कोणी काढला नाही.

त्याच सकाळी ऑफिसात मंजुळाबाईंनी शिक्का भाईदास भाऊंच्या हातात दिला नाही. रूपाच्या हातात दिला. म्हणाल्या, "मारणा व्हई तर तू मार." मारायचा असेल तर तू मार.

रूपाने शिक्का घेतला. शाईच्या डबीवर दाबला. लोटन भाऊ बघत होते, भाईदास भाऊ बघत होते. आणि तिने तो आपल्या डाव्या तळहातावर मारला. गोल, शाळेच्या नावाचा. म्हणाली, "बाबा, पहिला तास गणिताचा आहे," आणि वर्गात गेली. तो दाखला अजून फायलीत बिनशिक्क्याचा पडून आहे. भाईदास भाऊ, आता फाडलात तरी चालेल.

आज विधी आणि रूपा जिवलग मैत्रिणी झाल्या असं सांगितलं तर टाळ्या पडतील. पण ते खोटं होईल. त्या दोघी बोलतात. मागच्या महिन्यात विज्ञान प्रदर्शनाला एकत्र पाणी शुद्ध करायचं यंत्र केलं, आणि त्यावरून भांडल्याही. तेव्हा बाईंनी त्यांना काठी दिली. ती फेरी पाहायला मी मुद्दाम शाळेत आले होते. बादली एक थेंब सांडली नाही. म्हणजे आता ते भांडण झालं होतं, दोघींचं, बरोबरीचं. मला त्याचा किती आनंद झाला म्हणून सांगू.

मी त्या चातुर्मासापासून एक नियम घेतला आहे. माणसाचा फोटो त्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. जमिनीखालच्या भाज्या सोडणं याच्यापुढे काहीच नव्हतं, हे मी गुरूंनाही सांगितलं. पालक हो, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. मूल गप्प झालं की विचारा. आणि मूल हसत असेल तर तेही विचारा, कशाला हसतंस. मी विचारलं असतं तर एवढं चालावं लागलं नसतं.

आता पुढचं कागदावर नाही. रूपाने वाचलेल्या भाषणात हे नव्हतं.

विधीला रूपा म्हणाली होती, वर्गात चिडवलंस आणि दारात माफी मागतेस. विधीने ते ऐकलं आणि वर्गात जाऊन मागितली. ती बारा वर्षांची होती. मी तेव्हा साठीला टेकले होते, आणि मला वाटलं ते तिला म्हटलं आहे. रूपा, मी भर दुकानात हसले होते, आठ-दहा माणसांपुढे, तुझ्या वडिलांपुढे. आणि माफी मागितली ती तुमच्या ओट्यावर, कोणी पाहत नसताना. तीन वर्षं मी तुझ्या उत्तराची वाट पाहते आहे, आणि चूक माझीच, मी नीट विचारलंच नव्हतं. त्या दिवशी दुकानात असलेली निम्मी माणसं आज या सभागृहात आहेत. लोटन भाऊही आहेत. तर सगळ्यांसमोर म्हणते. रूपा, मी तुला हसले. लोटन भाऊ, तुमच्या लेकीला मी तुमच्यासमोर हसले. माझं चुकलं. मला क्षमा करा. उत्तर आज द्यायलाच हवं असं नाही.

मंजुळाबाई, तुमची काठी आणि बादली मी पालक संघातर्फे मागून घेतली आहे. ती शाळेतच राहील. कोणत्या भांडणाला काढायची आणि कोणत्या वेळेला मुळीच काढायची नाही, हे नव्या मावशींना तुम्ही येऊन शिकवा. घरी स्वस्थ बसू नका, घरच्यांनाही ते झेपणार नाही.

अध्यक्ष महाराजांनी मला बोलायला दिलं, सरांनी व्यासपीठावर मला सगळं सांगू दिलं, आणि तुम्ही भर दुपारी कंटाळा न दाखवता ऐकलंत, मी तुमची ऋणी आहे. सात मिनिटांची वीस झाली, भाईदास भाऊंचे आठ दिवस आज उघडे पडले, आणि बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं, कोणाचं नको तिथे घेतलं गेलं, ते सगळं पदरात घ्या.

अजून एक चिठ्ठी आली. वेळ कधीच संपला असणार. थांबा, चष्मा लावते.

"बोला आजी, मी ऐकते आहे."

बोलायचं होतं ते बोलून झालं, बेटा. ये, माईक घे. आता तू बोल.